बावतीस, माझी पट्टी कुठे ठेवलीस?

बावतीस, तुझ्या शेवटच्या मिस्साला, त्या निरोपाच्या प्रार्थनेला, अख्खं देऊळ बेसूर झालं आणि त्याला सर्वस्वी तूच जबाबदार होतास. हे तुला कुणीतरी सांगायला हवं. फादर सांगणार नाहीत, ते सभ्य आहेत. मार्था सांगणार नाही, ती अजून तुझ्या चपला दारातून उचलायला तयार नाही. म्हणून मी सांगतो.

वेदीसमोर शवपेटीत तू पडला होतास, अंगात काळा कोट. त्या कोटात तू मला मुळीच आवडला नाहीस. जन्मभर बाह्या कोपरापर्यंत दुमडून ऑर्गनवर बसणाऱ्या माणसाला शेवटी मनगटापर्यंत झाकून टाकलं होतं. पहिल्या बाकावर मार्था आणि तुझी रीमा. तिसऱ्या बाकावर मी, शेजारी आपल्या नाटकातला तबलजी गजा, मागे नाटकातली नायिका नीलम. आणि ऑर्गनवर तुझ्या जागी विरारहून बोलावलेला सावियो. त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. त्याने पुस्तक उघडलं आणि पुस्तकात छापलंय तसं वाजवलं.

निरोपाचं ते गीत तुमच्या नंदाखालच्या म्हाताऱ्यांना जन्मापासून पाठ आहे. इतक्या जणांना त्यांनी ते गात पोचवलंय. पहिली ओळ बरी गेली. दुसरी ओळ वर चढते. तिथे सगळे नेहमीच्या विश्वासाने चढले आणि वर पायरीच नव्हती. कुणाचा आवाज फाटला, कुणाचा विझला, कुणी तोंड उघडं ठेवून नुसतं बघत राहिलं. कतरीनमावशी, जिच्या गळ्यावर तुमच्या देवळातली अर्धी अंत्ययात्रा चालते, ती कोंबडीसारखी एकदा कुकारली आणि थांबली. तिने सावियोकडे पाहिलं नाही. तिने तुझ्याकडे पाहिलं. आणि तिला वाटलं ती कुजबुजतेय, पण शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं :

"बावतीस, मेल्या, तू गानं खाली आनलं होतंस!"

मी हसलो. तुझ्या मिस्साला मी हसलो, बावतीस, रुमाल तोंडात कोंबून. गजाचेही खांदे हलत होते, मला वाटलं तो रडतोय. असेलही.

दफनभूमीच्या फाटकापाशी सावियो घामाघूम होऊन माझ्याकडे आला. "अंकल, मी बरोबरच वाजवलं हो. पुस्तकात आहे तीच पट्टी. सगळे असे का माझ्याकडे बघतायत?"

कतरीनमावशीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तुझं बरोबर व्हतं, पोरा. आमचंच वय चुकलं."

म्हणजे असं की तुझ्या देवळातली माणसं म्हातारी होत गेली आणि तू त्यांची गीतं कुणाला न सांगता थोडी थोडी खाली आणत गेलास. माझ्यासारख्या वाडीवाल्याला पट्टी म्हणजे शिडीचा पाय वाटतो. सुपारीच्या झाडाला शिडी लावताना पाय जरा खड्ड्यात टेकवला की शिडी तीच राहते, पण वरची पायरी हाताला येते. तू दर काही वर्षांनी खड्डा थोडा खोल केलास. वर चढणारे खूष, की आपल्याला अजून चढता येतं.

गिरीजच्या नाक्यावर चहा पिताना मी ही गोष्ट पुढचे कितीतरी दिवस सांगितली. कतरीनमावशीची नक्कल करून, सावियोचा घाम पुसून दाखवून. तुला माहीत आहे मी सांगायला लागलो की रिक्षावाले भाडं सोडतात. तू गेलास ह्यावर माझा विश्वास बसत नव्हता आणि गोष्ट सांगताना तू त्या गोष्टीत जिवंत असायचास, तेवढ्यापुरता. मला काय ठाऊक, त्या बाकांवर मीही बसलेलो होतो.

वर कुणी तुला विचारलं, की बाबा तू खाली काय करत होतास, तर तू "देवळात वाजवायचो" एवढंच सांगशील. आपलं नाटक सांगणार नाहीस. म्हणून मीच सांगून ठेवतो. संगीत मुका माळी. कुणी लिहिलं ते आपल्याला कधी कळलं नाही, आपल्या हाती आलेल्या जुन्या प्रतीचं पहिलं पान वाळवीने खाल्लेलं होतं. एक तरुण गवई एका मुलीच्या प्रेमात पडतो आणि तिच्या घरी माळी म्हणून राहतो. बोलला तर पकडला जाईल म्हणून मुका असल्याचं सोंग. पण बागेत एकटा असला की गातो. मुलगी त्या न दिसणाऱ्या गवयावर भाळते आणि आपलं गुपित सांगते कुणाला, तर ह्या मुक्या माळ्याला. मुलीचा मामा रात्री गाणं ऐकून झोप उडाली म्हणून काठी घेऊन बागेत फिरतो. तिसऱ्या अंकात सगळे कुंपणापाशी एकमेकांवर आपटतात आणि लग्न लागतं. पहिल्या वर्षी फळा लावला तेव्हा राजोडीचा एक जण विचारत होता, "मुका आनी संगीत, कसं काय जमतं?" तू म्हणालास, "तिकीट काढ, जमवून दाखवतो."

तेव्हापासून दर वर्षी नाताळ झाला, की शाळेच्या पटांगणात आपलं नाटक. माळी मी. ऑर्गन तू. नायिका लग्न होऊन जात राहिल्या, माळी बागेतच राहिला. गेली काही वर्षं नीलम आहे, नालासोपाऱ्याची, माझ्या पुतणीच्या वयाची. पडद्यावर चंद्र उगवला की मी तिच्यासाठी झुरतो. मिशीला रंग लावून झुरतो.

तू गेलास त्या आठवड्यातला वाद आठवतो? आठवू नकोस, मी आठवतो. तालीम संपली होती, सगळे गेले होते, तू ऑर्गनच्या पट्ट्या फडक्याने पुसत होतास.

"अनंता, या वर्षी तू मामा कर."

"कोणाचा?"

"नाटकातला. विरारच्या देवळात एक पोरगा आहे, सावियो. गळा गोड आहे. माळी त्याला देऊ."

"माझ्या गळ्याला काय झालं?"

"गळ्याला कुठे म्हणतोय? गुडघ्याला म्हणतोय. तू कुंपणावरून उडी मारतोस तेव्हा आमची अर्धी माणसं क्रूस करतात."

"करू देत. त्यांना सवय आहे."

तू हसला नाहीस. माझ्या विनोदावर तू हसला नाहीस की मला भीती वाटते, म्हणून मी आवाज चढवला. "हे बघ, वाजवणारा तू आहेस. तूच सांग. काळी दोन. तरुणपणी होती तीच पट्टी. आला खाली माझा सूर? अर्धा तरी? सांग ना!"

तू एका पट्टीवरून अंगठा फिरवत राहिलास. पुष्कळ वेळ. तिच्यावर काही नव्हतं, मी बघत होतो. मग म्हणालास, "नाही. आवाज आहे तिथेच आहे."

"मग?"

"मग काही नाही. माळी तूच. उद्या जरा लवकर ये, चंद्राचं पद नीट बसवू."

मी लवकर आलो, बावतीस.

हॉलला कुलूप नव्हतं. आत कुणी नव्हतं. ऑर्गनवर तू घातलेलं मेणकापड तसंच होतं आणि त्याच्या कडांतून उजेड येत होता. खाऱ्या हवेने आतल्या पितळी जिभा चिकटतात म्हणून तू ऑर्गनच्या पोटात झिरोचा दिवा लावून ठेवायचास ना, तोच. मला ते रोजचं होतं. पण त्या दिवशी वाटलं, आत कुणीतरी राहतंय आणि दार लावून बसलंय. मी खुर्ची ओढून समोर बसलो. तुझी वाट बघत चंद्राचं पद गुणगुणत होतो तेव्हा गजा दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊ, गानं थांबवा."

तुझ्यानंतर नाटक करावं की नाही ह्यावर फार बोलणं झालं नाही. रीमाच उठून आली. "पप्पांचं ऑर्गन बंद राहिलं तर उंदीर बिऱ्हाड करतील," म्हणाली आणि तुझ्या स्टुलावर बसली. तिने स्टूल खाली घेतलं नाही. पाय जेमतेम भात्याला पोचत होते, तरी नाही.

"काका, तुमची पट्टी?"

"काळी दोन." मी आडनाव सांगावं तसं सांगितलं.

तिने गजाकडे पाहिलं. गजा हातोडी घेऊन तबल्याच्या कडेवर ठोकण्यात गढून गेला, जणू आजच तबला शोधून काढलाय. नीलमला अचानक तहान लागली. रीमाने सूर दिला.

तो सूर मला अनोळखी वाटला. रोजच्या घराला कुणी नवा रंग दिलाय असं. म्हटलं, हात बदलला, एवढंच. पहिली ओळ गायलो. गळ्याखाली कुठेतरी दोरी ताणल्यासारखी वाटली. मग अंतरा आला, तिथे माळी चंद्राला हाक मारतो, जिथे लोक हमखास वन्स मोअर देतात. मी हाक मारली. आणि तुझ्या देवळातल्या म्हाताऱ्यांसारखा मीही हवेत पाय टाकला.

"सर्दी आहे," मी म्हणालो.

पुन्हा. पुन्हा फाटला.

"आंब्याचा मोहोर," मी म्हणालो. "मोहोराने माझा गळा धरतो."

"काका, जरा खाली देऊ?" रीमा अगदी हळू म्हणाली. डॉक्टर विचारतात ना, दुखतंय का, तसं.

"खाली कशाला? जन्मभर काळी दोनला गातोय मी! बावतीसला विचार!"

रीमाने पट्टीवरचं बोट उचललं. मी काय बोलून बसलो ते मलाही कळलं. मग गजा मान वर न करता म्हणाला, "नाय, भाऊ."

"काय नाय?"

"काळी दोनचा तबला माझ्याकडं नायच आता. भाचा घेऊन गेला तो, किती वर्सं झाली. आपल्याला लागतच नव्हता. आपन पांढरी एकला वाजवतो."

"कोणी सांगितलं?"

"बावतीसनी. पयल्यांदा म्हनला, अर्धा सूर उतरव आनी अनंताला बोलू नको. मग परत उतरव म्हनला. मग परत. मी बोललो, सांगून टाक की. तर म्हनला, सांगितलं तर त्याचा आवाज बसेल."

मी नीलमकडे पाहिलं. ती बाटलीचं झाकण फिरवत होती. "सॉरी, काका. मला फर्स्ट इयरलाच सांगितलेलं. आपलं दोघांचं गाणं आहे ना, त्यात मला इतकं खाली जावं लागायचं की मम्मी विचारायची, तुला सर्दी झालीय का. मी बावतीस अंकलना बोलले पण. ते म्हणाले, तू ॲडजस्ट कर. तो खूष असला की नाटक चांगलं होतं."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. दिवे लावणाऱ्याला माहीत होतं. आता वाटतं, पडदा ओढणाऱ्यालाही माहीत असणार. घरी जाऊन शैलाला सगळं सांगितलं, घसा कोरडा होईपर्यंत. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "अच्छा. आत्ता कळलं होय?"

बावतीस, तू माझ्या बायकोलाही फितवलंस?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वाडीत गेलो. केळींना पाणी सोडलं होतं, पण पंप लांब होता, तिथवर आवाज येत नव्हता. फोनवर तंबोरा लावता येतो हे पुतणीने दाखवलं होतं. तुझ्या धाकाने आजवर कधी लावला नव्हता, तुला असला तंबोरा म्हणजे प्लास्टिकची फुलं वाटायची. काळी दोन लावली. चंद्राला हाक मारली. फाटली. अर्धा सूर खाली, पांढरी दोन. तिथेच फाटली. काळी एक. पोचलो, पण दाराच्या चौकटीला डोकं आपटावं तसा पोचलो. मग पांढरी एक लावली.

आणि आवाज बसला. आपल्या खुर्चीत बसावा तसा. टाळ्या पडतात तो आवाज, शैलाला अजून आवडतो तो, दर वर्षी लोक पाठीवर थाप मारून "काय गळा आहे अनंता" म्हणतात तो. केळीच्या पानांत मी उभा होतो आणि माझ्या मागे तुझ्या ऑर्गनच्या भात्याचा श्वास ऐकू येत होता, तोच, सूर धरण्याआधीचा. वळून पाहिलं नाही. वळलो असतो तर तू नसतास, आणि ते मला नको होतं.

मग उगाच आणखी खाली गेलो. बघू तर, म्हटलं. तिथे पदाची पहिलीच ओळ बुडाली. माळी चंद्राला हाक मारण्याआधी जमिनीकडे बघून बोलतो ना, ते शब्द घशात मातीसारखे राहिले. म्हणजे खाली आता जागा नव्हती. खड्डा आणखी खणला असता तर शिडी उभीच राहिली नसती. तेव्हा मला कळलं की तू मामा का म्हणालास.

त्या दिवसापासून मी मागचे सगळे प्रयोग पुन्हा बघतोय. कधी उतरवलंस रे? मला कावीळ झाली त्या वर्षी? त्या वर्षी मी बरा होऊन आलो आणि सगळे म्हणाले, आजारातून उठूनही आवाज तसाच आहे. तुझ्या आईने तुमच्याकडच्या त्या तळलेल्या पिठाच्या फुग्यांची टोपली पाठवली होती, मी विंगेत उभा राहून खाल्ले आणि तुला म्हणालो, बघितलंस? तू म्हणालास, बघितलं. की माझे वडील गेले त्या वर्षी? तेव्हा मला वाटलं होतं रडून रडून गळा मोकळा झाला. तीन वेळा वन्स मोअर घेतला होता मी. तिसऱ्यांदा तू ऑर्गनवरून माझ्याकडे बघून भुवई उडवलीस, मला वाटलं कौतुकाने. ती भुवई आता माझा पाठलाग करते, बावतीस. पाण्याच्या टाकीवर चढलो तरी दिसते. एकेका टाळीकडे मी आता संशयाने बघतो, हिच्यातली किती माझी आणि किती तुझी.

राग आलाच. तू मेलेला आहेस म्हणून येणार नाही असं थोडंच आहे? माझ्या गळ्यात माझ्या परवानगीशिवाय तू इतकी वर्षं जा-ये करत होतास. मला वाटायचं मी दार लावून झोपतो.

पण त्या संध्याकाळचा राग जास्त आहे. तुझ्याकडे एकच वाक्य होतं. "अनंता, तू पांढरी एकला गातोस." एवढं म्हटलं असतंस की वाद संपला असता, मी मामा झालो असतो, तू जिंकला असतास. आयुष्यभर एकदा तरी तू मला बोलण्यात हरवलं असतंस. आणि तू हुकमाचं पान हातात धरून बसलास, ते पुसत बसलास, आणि हरलास. रविवारी देवळात वाजवणारा माणूस इतक्या सहज खोटं बोलू शकतो ह्याचं मला कौतुक आहे. पण तू हरलास आणि दुसऱ्या दिवशी आला नाहीस. असं वाद अर्धा टाकून कुणी जातं का?

आणखी एक विचारायचं आहे. ह्या वर्षी तुला भाता मारताना दम लागत होता. अंक संपला की तू गुडघ्यांवर हात ठेवून बसायचास आणि मी म्हणायचो, कमी खात जा. मार्था म्हणते, तिला काही बोलला नव्हतास. पण तुला कळलं होतं का? तू गेल्यावर दुसरा कुणी ऑर्गनवर बसेल, पट्टी विचारेल, मी छाती काढून काळी दोन म्हणेन आणि भर पटांगणात उघडा पडेन, हे तुला दिसलं होतं का? आपण जायच्या आधी मला त्या बागेतून बाहेर काढावं, एवढ्यासाठीच ते "तू मामा कर" होतं का?

उत्तर मिळणार नाही ते मला ठाऊक आहे. पण रोज विचारतो. वाडीत, आंघोळीच्या वेळी, नाक्यावर गोष्ट रंगात आली असताना मध्येच. एकदा गोष्ट सांगताना अडकलो, तर रिक्षावाले घाबरले.

मी स्वतः विरारला गेलो सावियोकडे. मला दारात बघून त्याचा चेहरा पडला. "अंकल, आता काय चुकलं माझं?"

"तुला प्रेमात पाडायला आलोय," मी म्हणालो. "कुंपणावरून उडी मारता येते?"

येते. नुसती येते असं नाही, तो लाकडाच्या त्या कुंपणावरून असा जातो की कुंपणाला कळत नाही. नीलम पहिल्याच दिवशी म्हणाली, "काका, राग नका मानू, पण आता मला खरंच सर्दी गेल्यासारखं वाटतंय." सावियोला पट्टी विचारली, तर तो म्हणाला, काळी दोन. गजा राजोडीला भाच्याकडे जाऊन तो जुना तबला परत घेऊन आला. विंगेत उभा राहून मी चंद्राचं पद ऐकलं, त्याच्या मूळ जागी, जिथे मी ते किती वर्षांत ऐकलं नव्हतं. अंतऱ्याला तो वर गेला आणि वर उभा राहिला. मला असूया वाटली का? वाटली. तुला खोटं सांगून काय उपयोग, तो धंदा तुझा. पण त्याहून जास्त असं वाटलं की एका घरात आपण कधीकाळी राहत होतो आणि आज रस्त्यावरून जाताना त्याच्या खिडकीत दिवा दिसला.

मामाला एकच पद आहे. झोपमोड झाल्याचं, काठी आपटत म्हणायचं. आजवर ज्याला जमेल तसं तो ओरडून टाकायचा, तू मागे काहीतरी ठोकायचास. तालमीत माझी पाळी आली आणि रीमाने सवयीने विचारलं, "काका, पट्टी?"

विचारल्यावर तीच घाबरली. नीलम, गजा, सावियो, सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी काय सांगणार? तोंडावर आलेलं काळी दोन आता खोटं होतं आणि पांढरी एक म्हणायला जीभ वळेना.

"मी आधी नुसता गातो," मी म्हणालो. "तू ऐक आणि ठरव."

मी गायलो, सुराशिवाय. ती मान कलती करून ऐकत होती, तिला माहीत नसेल पण अगदी तुझ्यासारखी, डावा कान पुढे. मग तिने एक पट्टी दाबली. कुठली ते मी विचारलं नाही. गजाने कुठला तबला घेतला तेही पाहिलं नाही. डोळे मिटून घेतले आणि काठी आपटली.

परवा प्रयोग झाला, बावतीस. पटांगण भरलं होतं. पुढच्या ओळीत कतरीनमावशी आणि तुमच्या देवळातली सगळी म्हातारी पलटण, स्वेटर घालून, मांडीवर शेंगांच्या पुड्या घेऊन. मार्थाही आली होती, शेवटच्या खुर्चीवर, लवकर उठता यावं म्हणून. उठली नाही. सावियोने दोन वन्स मोअर घेतले. मग मी काठी घेऊन आलो. मामा रात्रीची झोप शोधतोय, उशी शोधतोय, गवयाला शिव्या देतोय. धृपद दुसऱ्यांदा आलं तेव्हा पुढच्या ओळीतून कुणीतरी बारीक आवाजात धरलं. मग कतरीनमावशीने धरलं, आणि तिने धरलं म्हटल्यावर सगळ्या ओळीने धरलं. त्यांच्या गळ्याला पोचत होतं ते. माझ्या वयाची आणि माझ्याहून मोठी ती सगळी माणसं उडालेल्या झोपेचं गाणं असं म्हणत होती की जणू देवळातच बसली आहेत. मी काठी आपटायची विसरलो. त्यांनी पायांनी ठेका धरला.

संपल्यावर ओरडा झाला. वन्स मोअर. मामाच्या पदाला, जे आजवर कुणी धड ऐकलंही नव्हतं, वन्स मोअर!

मला धाप लागली होती. काठीवर भार टाकून उभा राहिलो आणि उजवीकडे पाहिलं. रीमा माझ्या छातीकडे बघत होती. तिने गजाकडे नुसती मान हलवली. गजाने समोरचा तबला बाजूला सारला आणि शेजारी ठेवलेला दुसरा पुढे ओढला. तिची बोटं अर्धा सूर खाली सरकली. लपवायचा प्रयत्न दोघांनीही केला नाही, किंवा केला असेल, पण तुझ्याइतका सराव त्यांना अजून कुठे आहे?

मी पाहिलं, बावतीस. सगळं पाहिलं. मग प्रेक्षकांकडे तोंड केलं आणि गायलो.